पाच मिलिमीटर

उस्त्युर्तच्या पठारावर वळण नाही.
सकाळी ज्या टेकाडाच्या दिशेने निघाले
ते संध्याकाळपर्यंत टेकाड नव्हतंच,
डांबरावर उभी राहिलेली हवा होती.

बेइनेउ सोडून तिसरा दिवस.
वारा समोरून, असा, की पॅडल थांबवलं
तर सायकल मागे घरंगळेल.
त्यात मागच्या कॅरिअरचा बोल्ट गेला.
कधी, कुठे, माहीत नाही.
पिशवी चाकाला घासायला लागली तेव्हा कळलं.
सुतळीने बांधली. सुतळी तुटली.
मग उजव्या बुटाची नाडी काढून बांधली
आणि ढिल्या बुटाने दामटत राहिले.

एवढ्याशा बोल्टासाठी रडू येतं माणसाला,
हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

ट्रक थांबला तोवर माझं रडून झालं होतं.
उतरलेला माणूस अक्षर बोलला नाही.
सायकल पाहिली, नाडी पाहिली,
टाळ्याला जीभ लावून 'च्च' केलं
आणि केबिनमधून पत्र्याचा डबा आणून
सगळा रस्त्यावर पालथा केला:
खिळे, वायसर, तारांचे तुकडे,
दात पडलेला एक कंगवा.
माझ्या मापाचं सोडून सगळं होतं.
तो इतका खट्टू झाला
की मीच त्याची समजूत काढू लागले, मराठीत,
जाऊ द्या हो, चालायचंच.
त्याने बंपरवर आपटून कलिंगड फोडलं,
मोठा वाटा माझ्याकडे सरकवला,
पाण्याचा पाच लिटरचा कॅन कडेला ठेवला
आणि हातसुद्धा न हलवता गेला निघून.
काचेमागे पाटी होती: जाक्सिलिक.
मला वाटलं, गावाचं नाव असेल.

रात्री रूळांलगतच्या खोलीत शारिगुलने
न विचारता गोधडी अंथरली.
विचारलं ते नंतर, बोटांनी.
मुलं किती?
मी एक बोट दाखवलं.
तिने चार दाखवली,
थोडं थांबून त्यातलं एक दुमडलं.
मी चहा ढवळत बसले.
त्यात साखर नव्हती.
पाणी तिथलं मचूळ, चहाही मचूळच,
तीन पेले प्यायले.
पहाटे मालगाडी गेली तेव्हा ती उठून
कंदील हलवायला बाहेर उभी होती,
डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट.

दुसऱ्या दिवशी दुपारी
आडोसा शोधत होते.
त्या सपाटीवर बाईमाणसाला आडोसा म्हणजे
कित्येक किलोमीटरांत एखादी मोरी.
मोरीमागे बसले,
आणि टाचेपाशी, वाळूत अर्धा रुतलेला,
बोल्ट.
फुंकर मारली. थुंकीने पुसला.
आधी डाव्या बाजूने लावून पाहिला,
उगाच, आशा लांबवायला.
मग उजव्या. बसला.
पाच मिलिमीटर, आटेसुद्धा शाबूत.

मोठ्याने ओरडले. ऐकायला एक उंट होता.

मग चालवता चालवता डोक्यात आलं:
हा पडला कुणाचा?
माझ्यासारखीच कुणी, किंवा कुणी,
त्याच एका आडोशाला थांबलेलं,
उठून निघालेलं,
पुढे कुठे तरी पिशवी घासू लागल्यावर
नाडी सोडणारं.
माझं नशीब म्हणजे त्याचं गळालेलं.
आणि माझा?
माझा मागे कुठे पडलाय,
कुणाच्या टाचेपाशी?
देव पावला म्हणायला तोंड उघडलं होतं,
वाऱ्याने धूळ भरली.

कुंग्रादला चहावाल्याच्या मुलीने सांगितलं,
जाक्सिलिक हे गाव नाही,
पुरुषाचं नाव.
अर्थ? तिने मोबाईलवर शोधून दाखवला:
चांगुलपणा.
मी हसले, तर तिला वाटलं नावाला हसले.
नाही ग, म्हटलं, त्याच्या तोंडाला.
ते तिला कसं कळणार!

बोल्ट घट्ट आहे.
नाडी मात्र अजून कॅरिअरलाच गुंडाळलेली,
सोडवायचं मनात येतं
आणि राहून जातं.
उजवा बूट चढावर सटकतो.